म्हाळूचा नंबर

खडकतळे नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात म्हाळू रोकडे नावाचा एक भोळा माणूस राहत होता. लबाड माणसं गावात पुष्कळ होती. भोळा एकच होता, पण तो सगळ्यांना पुरून उरत होता.

म्हाळू तीस वर्षांचा. अंगानं धट्टाकट्टा, मनानं निर्मळ. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे, आणि जसं सांगितलं तसंच करत असे. सगळा घोटाळा तिथंच होता. एकदा शेजारीण त्याला म्हणाली, "म्हाळूभाऊ, कोंबडी अंड्यांवर बसलीय, मी नदीवरनं येईस्तोवर तिला उठू देऊ नका." शेजारीण नदीवर गेली, तिथं तिला बहीण भेटली, गप्पा रंगल्या. दुपारी ती परत आली तेव्हा म्हाळू कोंबडीला दोन्ही हातांनी दाबून बसला होता. दोघंही सकाळपासून उपाशी होती.

त्याची आई तान्हूबाई. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि जीवाला एकच घोर, की पोराचं लग्न कसं व्हायचं. सात मुलींचे बाप घरी येऊन चहा पिऊन गेले होते. आठवे आले ते पळसगावचे गेनुजी घोलप. त्यांना म्हाळूचा निर्मळ चेहरा आवडला. ते म्हणाले, "आमची यमुना द्यायला हरकत न्हाई. पन पोराला नोकरी पायजे. आन ती लग्नाच्या दिवसापत्तुर टिकायला पायजे."

तान्हूबाईनं दुसऱ्याच दिवशी गावातल्या देवचके डॉक्टरांचे पाय धरले.

डॉक्टरांना माणूस हवाच होता. त्यांच्या दवाखान्याच्या दारावर आधी जो गडी होता, तो शेवग्याच्या शेंगा आणणाऱ्याला आधी आत सोडायचा, अंडी आणणाऱ्याला त्याच्याही आधी. डॉक्टर त्याला कंटाळले होते. म्हाळूकडं बघून त्यांना वाटलं, हा काही शेंगा खाणाऱ्यातला दिसत नाही.

"हे बघ म्हाळू," डॉक्टर म्हणाले, "काम सोपं आहे. आतला पेशंट बाहेर गेला की तू दारात उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, नेक्स्ट."

"नेक्स्ट म्हंजी काय, डाक्टरसाहेब?"

"नेक्स्ट म्हणजे पुढचा."

"पुढचा तर आत्ताच बाहेर गेला."

"तो नव्हे. त्याच्या मागचा."

"म्हंजी मागचा त्यो पुढचा?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "हो," ते म्हणाले. "मागचा असतो तोच पुढचा. तू एवढं ध्यानात ठेव की रांगेत जे पहिलं असेल, ते आत आणायचं."

म्हाळूनं ते ध्यानात ठेवलं. त्याच्या आयुष्यातला हा पहिला इंग्रजी शब्द. घरी जाताना तो वाटभर म्हणत गेला. आईनं ताटात भाकरी वाढली, ती संपली, तेव्हा तो म्हणाला, "नेक्स्ट." आईला वाटलं त्याला उचकी लागली, तिनं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी म्हाळू धुतलेला सदरा घालून दारात उभा राहिला. आतला पेशंट बाहेर गेला. म्हाळूनं छाती भरून आवाज दिला, "नेक्स्ट."

कुणी हललं नाही. खडकतळ्याची रीत अशी होती की सकाळी दवाखान्यात यायचं, ओट्यावर आपल्या चपला रांगेत काढून ठेवायच्या आणि समोरच्या चिंचेखाली गप्पा मारत बसायचं. उभ्या होत्या त्या नुसत्या चपला. रांगेत पहिला एक जुना कोल्हापुरी जोड होता. म्हाळूनं तो हलक्या हातानं उचलला, आत नेला आणि पेशंटच्या स्टुलावर ठेवला.

डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. "नाव?"

म्हाळूनं चपलांकडं पाहिलं. "सांगत न्हाई."

"वय किती?"

"असंल तीन-चार वर्सं."

"लहान आहे म्हणजे. काय होतंय?"

"डावा अंगठा तुटलाय. टाचबी झिजलीया."

"अंगठा तुटलाय आणि रडत नाही?" असं म्हणत डॉक्टरांनी घाईनं मान वर केली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात चपलांची मालकीण कोंडाबाई अनवाणी आत आली आणि दवाखान्यात दिवसाढवळ्या चोऱ्या होतात म्हणून ओरडू लागली.

ती गेल्यावर डॉक्टरांनी म्हाळूला समोर उभं केलं. "म्हाळू, नीट ऐक. वस्तूला नंबर नसतो. नंबर माणसाला असतो. समजलं?"

"समजलं. वस्तूला नंबर नसतो, मानसाला असतो."

"शाबास. आता विसरू नकोस."

म्हाळू काही विसरत नसे. विसरला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

संध्याकाळी आईनं त्याला ज्वारीचा डबा देऊन चाँदभाईच्या गिरणीवर पाठवलं. वीज गेली होती. चाँदभाई घरी जेवायला गेला होता. गिरणीच्या कट्ट्यावर चौदा डबे रांगेत होते आणि बायका आपापल्या घरी भाकऱ्या थापत होत्या. म्हाळूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. रांगेत माणूस म्हणावा असा तो एकटाच होता.

"वस्तूला नंबर नसतो," तो डब्यांना म्हणाला. त्यानं ते समजुतीच्या सुरात म्हटलं. मग त्यानं चौदाही डबे उचलून बाहेर लिंबाखाली नेऊन ठेवले आणि कट्ट्यावर आपला डबा मांडला. लिंबाखाली एक शेळी बांधलेली होती. डब्यांची झाकणं तिला काही नवीन नव्हती.

वीज आली. चाँदभाई आला. एकच डबा पाहून त्याला आनंद झाला, त्यानं म्हाळूची ज्वारी दळून दिली. मग बायका आल्या आणि लिंबाखाली जो गोंधळ झाला तो विचारू नका. कुणाचा डबा आधी, कुणाचा नंतर, काही पत्ता लागेना. चाँदभाईचा नेम असा होता की उपासाची भाजणी दळायची ती सगळ्यांच्या आधी, जातं पुसून. त्या दिवशी भाजणीचे डबे बाजरीच्या पाठोपाठ पडले आणि गिरणीच्या पोटात राहिलेली सगळी बाजरी भाजणीत उतरली. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. थालीपिठं खाऊन झाल्यावर ही गोष्ट उघडकीला आली. खडकतळ्यातल्या सात बायकांचे उपास मोडले, आणि त्या सातही जणी एकापाठोपाठ एक तान्हूबाईच्या दारात येऊन काय बोलायचं ते बोलून गेल्या.

तान्हूबाईनं कपाळाला हात लावला. "आरं, डबा दिसला म्हंजी त्याच्यामागं मानूस हाय असं समजावं. जो आधी आला त्याचं आधी. बाकी सगळ्यांनी मागं ऱ्हायाचं. मधी कुनाला घुसू द्यायचं न्हाई, मग त्यो कुनीबी असो."

"कुनीबी?"

"कुनीबी. परत्यक्ष राजा आला तरी त्याला मागं उभं करायचं."

"जो आधी आला त्याचं आधी," म्हाळू म्हणाला. "मग त्यो कुनीबी असो." आईला बरं वाटलं. पोरगं शिकतंय, असं तिला वाटलं.

पुढचे काही दिवस खरोखर बरे गेले. म्हाळू चिंचेखालच्या माणसांना चपलांमागं उभं करू लागला. सरपंचाचा मेहुणा मधे घुसायला गेला तेव्हा म्हाळूनं त्याला दंडाला धरून मागं नेलं. एकानं अंडी आणली, ती म्हाळूनं त्याच्याच डोक्यावरची टोपी काढून तिच्यात परत ठेवली. गावाला हे अजिबात आवडलं नाही. ज्या गावात प्रत्येकाला रांग हवी असते ती दुसऱ्यासाठी, तिथं सगळ्यांसाठी रांग लावणारा माणूस खुपणारच. डॉक्टर मात्र खूश होते.

लग्नाला महिना राहिला आणि एका सकाळी गेनुजी घोलप दवाखान्यात आले. आले म्हणजे एका पायावर उड्या मारत आले. सोबत त्यांचा पुतण्या होता. शेतात दगड उचलताना पायाला विंचू चावला होता. घोलपांचा चेहरा घामानं भिजला होता, ओठ पांढरे पडले होते.

"जावईबापू," ते दारातच म्हणाले, "सोडा आत. विंचू चावलाय."

म्हाळूनं वाकून नमस्कार केला. "या मामा. तुमचा नंबर बारावा."

"आरं, विंचू चावलाय."

"व्हय. पन हे लोक आधी आल्यात."

रांगेत सगळ्यात पुढं खोकल्याचा एक जण होता. तो म्हणाला, "जाऊ द्या त्यांना, मी थांबतो." त्याच्या मागचाही म्हणाला, "जाऊ द्या." माणसं असं एरवी कधी म्हणत नाहीत, पण घोलपांची अवस्था बघून त्यांना दया आली. म्हाळूला मात्र ते पटलं नाही.

"मधी घुसू द्यायचं न्हाई," त्यानं लोकांना समजावलं.

"आरं, मी तुझा सासरा हाय," घोलप कळवळून म्हणाले.

"म्हनूनच सांगतोय, मामा. कुनीबी असो. राजा आला तरी." मग त्याला त्यांची दया आली आणि त्यानं त्यांना बाराव्या जागी बसायला आपली घोंगडी अंथरून दिली.

डॉक्टरांना बाहेरून उड्यांचा आवाज आला, म्हणून ते सातव्या पेशंटच्या वेळी बाहेर आले. घोलपांचा पाय तोवर भोपळ्याएवढा झाला होता. त्यांना इंजेक्शन दिलं, औषध दिलं, पाय पाटावर ठेवला. थोडं बोलता येऊ लागल्यावर घोलपांनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं, "हे लग्न मोडलं."

डॉक्टर मधे पडले. ते म्हणाले, "घोलप, या माणसाला कुणी विकत घेऊ शकत नाही. असा जावई शोधून मिळणार नाही. चूक माझी आहे, मी त्याला पुरतं शिकवलं नाही." मग ते म्हाळूकडं वळले. "म्हाळू, रांग ही गोष्ट खरी. पण घाई असलेल्या माणसाला आधी सोडायचं असतं. ज्याला थांबवत नाही, जो तळमळतोय, त्याच्यासाठी बाकीच्यांनी मागं व्हायचं. तो म्हणजे नेक्स्ट. कळलं?"

"कळलं. ज्याला घाई, त्यो आधी."

"आन हसून सोडायचं," घोलप पाटावरून म्हणाले. "नंबर सांगत बसायचं न्हाई."

म्हाळूनं मान डोलावली. सासऱ्याचं मन दुखावलं याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. यमुनेला त्यानं एकदाच पाहिलं होतं, पोहे देताना. तिच्या हाताला राखेनं घासलेल्या भांड्यांचा वास येत होता आणि तो वास त्याला आपल्या घरातलाच वाटला होता. पुन्हा आपल्याकडून चूक होऊ द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रांगेतल्या प्रत्येकाला हसून विचारलं, "तुम्हाला घाई हाय का?"

घाई नसलेला माणूस खडकतळ्यात कोण असणार? एकाला एस.टी. गाठायची होती. एकाची म्हैस पान्हा चोरत होती. एकाचा पत्त्यांचा डाव अर्ध्यावर राहिला होता. जो जास्त मोठ्यानं बोलला त्याला जास्त घाई, असा म्हाळूनं हिशेब लावला आणि त्याप्रमाणे सगळे आत गेले. तापानं फणफणलेली एक म्हातारी भिंतीला टेकून गप्प बसली होती. तिला बोलायचंही त्राण नव्हतं. म्हाळूनं तीनदा विचारलं, ती तीनदा काही बोलली नाही. घाई नाही, असं त्यानं धरलं. ती सगळ्यात शेवटी आत गेली, आणि ते पाहून डॉक्टरांनी आपलंच डोकं हातात धरलं. नोकरी मात्र राहिली, कारण दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर स्वतःच दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन बघू लागले.

लग्नाला आठ दिवस उरले असताना गावातले दौलतआप्पा वारले. वय नव्वदीचं, मरण सोन्यासारखं. तिरडी निघाली. आप्पांच्या मोठ्या मुलानं म्हाळूला सांगितलं, "आज बाजार हाय. तू पुढं ऱ्हा आन चौकात लक्ष ठेव."

म्हाळू पुढं राहिला. चौकात त्यानं नीट लक्ष ठेवलं. समोरून टोमॅटोचा टेम्पो येत होता. म्हाळूनं हात वर करून तिरडी थांबवली आणि टेम्पोवाल्याला विचारलं, "घाई हाय का?"

"हाय की. माल सडतोय."

"मग व्हा पुढं." म्हाळू हसून म्हणाला.

त्याच्यामागून शेळ्यांचा व्यापारी आला, त्याला घाई होती. मग लग्नपत्रिका वाटणारे दोघे आले, त्यांना तर फारच. बर्फवाला आला. मग आला मेंढरांचा कळप. मेंढरांना विचारता येईना, म्हणून म्हाळूनं त्यांच्या चालण्यावरून अंदाज केला आणि त्यांनाही जाऊ दिलं. कळप मोठा होता. खांदेकरी उन्हात उभे राहून वाकायला लागले.

"म्हाळ्या," आप्पांचा मुलगा ओरडला, "आमचा बाप खांद्यावर हाय."

"दिसतंय की," म्हाळू आदरानं म्हणाला. "पन आप्पांना आता कसली घाई?"

दीड तासानं तिरडी चौक ओलांडून गेली. अग्नी दिल्यावर आप्पांच्या चारही मुलांनी म्हाळूला धरून बडवला. त्यांच्यात थोरला कोण नि आधी कोण, याचा विचार कुणी केला नाही.

तान्हूबाईनं त्या रात्री त्याच्या पाठीला हळद लावली. लावता लावता ती रडू लागली. "म्हाळू, मी आता थकले रं. माझ्यामागं तुला कोन वाढंल? हे एक लग्न तेवढं नीट होऊ दे. मी आता तुला काय शिकवत न्हाई. लग्नाच्या दिवशी तू निस्ता गप बसायचं. कुनाशी वाद घालायचा न्हाई. कुनी काय मागितलं तर न्हाई म्हनायचं न्हाई. मग झालं."

"गप बसायचं. वाद घालायचा न्हाई. न्हाई म्हनायचं न्हाई," म्हाळूनं म्हटलं. आईला रडताना पाहून त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. तो तिला म्हणाला, "आई, तू बघच. एकबी चूक हुयाची न्हाई."

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड पळसगावात उतरलं. रीतीप्रमाणे वरमाई तान्हूबाई जानवसघरात जाऊन बसली. वाजंत्री लावून बोलावणं आल्याशिवाय वरमाईनं मांडवात जायचं नसतं, त्यामुळे ती नवं लुगडं सावरत वाट पाहत राहिली. म्हाळूला मारुतीच्या पारावर नेऊन बसवलं. कपाळाला मुंडावळ्या, डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर शेला, हातात लिंबू टोचलेली कट्यार. घोडा येईल, त्यावर बसायचं आणि मिरवत मांडवात जायचं, एवढंच आता बाकी होतं.

त्या दिवशी पळसगावात लग्नं मात्र दोन होती. दुसरं शिवराम कुदळ्यांच्या मुलीचं. मुहूर्त पाठोपाठचे, गावात मारुती एकच, घोडा एकच आणि बँडही एकच. सगळं आधीच ठरलेलं होतं. आधी घोलपांचा नवरदेव, मग घोडा परत येऊन कुदळ्यांचा. त्यामुळे कुदळ्यांचा नवरदेव, लांबच्या गावचा भागवत शेळके, तोही पारावर म्हाळूच्या शेजारी येऊन बसला. त्याच्याही कपाळाला मुंडावळ्या, डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर शेला. फेटे बांधणारा गावात एकच असला की नवरदेव ओळखू येणं कठीणच.

भागवतचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांच्या वऱ्हाडाचा ट्रक भाड्याचा. सूर्य मावळायच्या आत निघालो नाही तर वऱ्हाड इथंच सोडून जाईन, असं ड्रायव्हर दोनदा सांगून गेला होता. भागवत उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. पाराखाली पाय आपटायचा.

तेवढ्यात घोडा आला. बँड वाजू लागला. म्हाळूच्या वऱ्हाडातली माणसं नाचायला लागली. वरातीत नाचणारी माणसं नवरदेवाकडं बघत नाहीत, बँडकडं बघतात. भागवत म्हाळूच्या कानाशी येऊन म्हणाला, "पावणं, रागावू नका. मला लई घाई हाय. आधी मी गेलो तर चालंल का?"

म्हाळूनं त्याच्याकडं पाहिलं. माणूस तळमळत होता. थांबवत नव्हतं. वाद घालायचा नव्हता, नाही म्हणायचं नव्हतं, नंबर सांगत बसायचं नव्हतं. इतके दिवस शिकलेलं सगळं एकाच ठिकाणी लागू पडतंय, असं आज पहिल्यांदाच होत होतं. त्याला फार समाधान वाटलं.

"व्हा पुढं," तो हसून म्हणाला, आणि भागवतला घोड्यावर चढायला त्यानं स्वतः हात दिला.

घोडा निघाला. भागवत परगावचा, त्याला कुदळ्यांचा मांडव कुठला नि घोलपांचा कुठला, काही ठाऊक नव्हतं. बँडवाल्यांना आधी घोलपांकडं जायचं सांगितलेलं, ते घोलपांकडं गेले. भटजींनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. यमुनेनं मान खाली घालून माळ घातली, नवरदेवानं मंगळसूत्र बांधलं, आणि मग गेनुजी घोलप जावयाच्या पाया पडायला पुढं झाले. वर बघतात तर नवरदेवाला मिशी. म्हाळूला मिशी नव्हती.

"हे कोन?" घोलप म्हणाले.

"मी भागवत," भागवत म्हणाला. "आमचं वऱ्हाड कुठंय?"

बँड थांबला. माणसं गोळा झाली. कुणी म्हाळूच्या नावानं बोटं मोडली, कुणी भटजींना विचारलं की हे उसवता येतं का. भटजी म्हणाले, अक्षता पडल्या, मंगळसूत्र बांधलं, आता माझ्याकडं इलाज नाही. शेवटी यमुनेला विचारलं. ती पदराआडून भागवतकडं बघत म्हणाली, "झालं ते झालं. राहू द्या." विंचवाची गोष्ट तिनंही ऐकली होती. घोलपांनी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, पण तो फार वेळ टिकला नाही.

जानवसघरात बातमी गेली. तान्हूबाई बोलावण्याची वाट न बघता उठली आणि रस्त्यानं रडत मारुतीकडं धावली. म्हाळू पारावर शांत बसला होता.

"आरं, काय केलंस हे?" तिनं त्याच्यासमोर बसकण मारली. "यमुना गेली रं. दुसऱ्याची झाली."

म्हाळूच्या हातातली कट्यार खाली आली. त्याला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, "पन आई, त्यांना घाई हुती."

तान्हूबाई त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत राहिली, आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

इकडं कुदळ्यांच्या मांडवात वेगळाच आकांत झाला होता. मुलगी नटून उभी, मुहूर्त टळायला आलेला, आणि नवरदेवाचं लग्न पलीकडच्या आळीत लागून गेलेलं. कुदळ्यांनी टोपी आपटली. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "मारुतीच्या पारावर एक नवरदेव हाय की शिल्लक. फेट्यासकट." शिवराम कुदळे तसेच धोतर आवरत धावत सुटले. घोडा परत पाराकडं निघालाच होता, तोही त्यांच्या मागून धावला.

कुदळे पाराशी आले तेव्हा त्यांना दम लागला होता. अंगावरून घाम वाहत होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर ते नाचत होते. तान्हूबाईनं मान वर केली. ते काय म्हणणार, हे तिला त्यांच्या तोंडावरून समजलं आणि तिनं मारुतीला हात जोडले.

"पावणं," कुदळे धापा टाकत म्हणाले, "उठा. माझी लेक मांडवात उभी हाय. तुमचंबी लग्न ऱ्हायलंय, तिचंबी ऱ्हायलंय. दोन मिन्टात मुहूर्त जातोय. मला लई घाई हाय वो. न्हाई म्हनू नका."

"ऊठ," तान्हूबाई म्हणाली. "ऊठ माझ्या राजा. देवानं ऐकलं."

म्हाळू उठला. त्यानं कुदळ्यांना खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. घाम, धाप, पाय ठरत नाहीत. इतकी घाई झालेला माणूस त्यानं दवाखान्यातसुद्धा पाहिला नव्हता, विंचू चावलेल्या सासऱ्याच्या वेळीही नाही. आईला आज आपल्यामुळं रडावं लागलं हे त्याच्या मनाला लागलं होतं. या वेळी चूक करायची नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं.

त्यानं आपल्या कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या आणि कुदळ्यांच्या कपाळाला बांधल्या. आपला शेला त्यांच्या खांद्यावर टाकला. कट्यार त्यांच्या हातात दिली. मग घोड्याचा लगाम धरून तो हसून म्हणाला, "मामा, तुम्हाला लईच घाई दिसतीया. तुम्ही व्हा पुढं. मी बसतो."